दादाच्या आकड्यांतला दीड अंश

तापाच्या सतराव्या दिवशी अलिबागहून आलेल्या डॉक्टरांनी दादाच्या काखेतला थर्मामीटर काढला, खिडकीशी नेऊन उजेडात धरला आणि कोणाकडे न बघता "एकशे तीन" म्हणाले. दादा तीन दिवस माणसं ओळखत नव्हता, पण आकडा त्याला ऐकू गेला. डोळे न उघडताच त्याने विचारलं, "किती कमीजास्त?" डॉक्टर म्हणाले, "कालच्यापेक्षा कमीच आहे, मास्तर, काळजी करू नका." दादाने मान हलवली. त्याला ते विचारायचं नव्हतं. जरा वेळाने ओठ ओले करून तो म्हणाला, "तुमचा थर्मामीटर कशाशी ताडून पाहिलाय?..." डॉक्टरांनी वहिनीकडे पाहून कपाळाला बोट लावलं, म्हणजे वात झालाय असं. वात झाला नव्हता. माझा भाऊ तीस वर्षं असाच बोलत आला होता, आणि ते त्याचं शेवटचं धड वाक्य ठरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. त्याला आता दीड महिना झाला.

तेराव्याला जेवायला आलेली माणसं तिसऱ्यांदा लाडू मागून घेता घेता म्हणत होती, मास्तर माणूस सज्जन, पण शेवटी डोक्यात आकडे शिरले. एक काका तर म्हणाले की सरकारने काढून टाकल्यापासून त्याने हाय खाल्ली. मी आतून वाढायचं पाहत होते. हे सगळं ऐकून घेतलं, कारण श्राद्धाच्या दिवशी भांडू नये एवढं वळण आम्हांला आहे. आज श्राद्ध नाही. म्हणून लिहिते. संपादकांनी मला "भावाच्या चार गोड आठवणी" लिहायला सांगितलं होतं. गोड आठवणी आहेत, नाहीत असं नाही. पण त्या लिहायला बसले की हात दुसरीकडेच जातो.

आमची वाडी किहीमपासून दीड कोसावर. वाडी म्हणजे माड, पोफळी, मध्ये घर, मागे विहीर. दादा गावच्या शाळेचा मुख्य मास्तर. मी सोळाव्या वर्षी म्हसळ्याहून, सासरहून, परत आले ती कायमची. माझे केस काढायचे ठरले होते, न्हावी ओसरीवर येऊन बसला होता. दादाने त्याला चहा पाजला आणि म्हणाला, "आज काम नाही, जा." बस्स, एवढंच. भाषण नाही, सुधारकपणाचा आव नाही. त्यानंतर दोन आत्यांनी आमच्या घरचं पाणी सोडलं, तेही त्याने न बोलता सोसलं. मात्र मला सोवळ्याचं सगळं पाळू दिलं. मीच ते घट्ट धरून ठेवलं होतं. केस राखलेली विधवा म्हणून बोट दाखवणाऱ्यांना माझ्या सोवळ्यात तरी खोट काढता येऊ नये, अशी माझी ईर्ष्या होती. देवाचा नैवेद्य मी करायची, आणि माझ्यासारखं कडक सोवळं पंचक्रोशीत नाही असं लोक म्हणायचे. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

मी आले त्याच वर्षी सरकारने गावात हवेचे वेध घ्यायचं ठाणं दिलं आणि ते काम दादाकडे सोपवलं. वरच्या ऑफिसचं नाव मी लिहीत नाही, संपादकांना नसता ताप नको. साहेब आला, त्याने शाळेच्या आवारात जागा पाहिली, तिथे पोरं चेंडू मारतील म्हणून आमची वाडी पसंत केली. जागा उघडी हवी, सावली नको. तेव्हा दोन माड तोडले. तिसराही तोडायचा होता, पण तो काकांच्या वाटणीत येत होता आणि काका म्हणाले, हवा मोजायला माझा माड कशाला? त्यामुळे चौक लहान पडला आणि काटेरी तारेचं कुंपण पेटीपासून जेमतेम हातभर अंतरावर आलं. पुस्तकात मात्र साहेबाने नियमाप्रमाणे असायला हवं तेवढं अंतर लिहिलं आणि मचव्यात बसून निघून गेला. पेटी म्हणजे चार पायांवर उभी केलेली पांढरी लाकडी पेटी, चारी बाजूंना झडपा, दार उत्तरेला. आत चार थर्मामीटर. त्यांतला एक कोरडा, आणि एकाच्या टोकाला ओलं फडकं बांधलेलं, तो ओला. रोज सकाळी आठ वाजता दादा पाटावर उभा राहून, कारण तो ठेंगणा होता, श्वास रोखून आकडे वाचायचा. श्वास का रोखायचा? तर आपल्या श्वासाची ऊब काचेला लागू नये. इतका काटेकोर माणूस. आणि त्याच्या डाव्या हाताला, हातभर अंतरावर, तारेवर, माझं ओलं लुगडं ठिबकत असायचं.

हे समजायला आमच्या घरच्या रीती ठाऊक हव्यात. सोवळ्याचं सुती वस्त्र रोज धुवायचं आणि कोणाचाही स्पर्श होणार नाही असं वाळवायचं. घरात कपडे वाळवायची उंच वलणी होती, पण माडांखालच्या घरात ऊन येत नाही, कपडा दुसऱ्या दिवशीही दमट. बाहेर घालावं तर शेळ्या, कुत्री, मुलं, गडी. आणि आता अचानक वाडीत एक उघडा उन्हाचा तुकडा झाला, भोवती सरकारी कुंपण, आत कोणी पाय ठेवायचा नाही असा सरकारी हुकूम. देवाने मला सोवळं वाळवायला जागा दिली असंच मला वाटलं. दादाने ते रोज पाहिलं. वहिनीने पाहिलं. तपासणीला दोनदा साहेब आला तेव्हा मी मर्यादेने लुगडं काढून ठेवलं होतं, नाहीतर त्यानेही पाहिलं असतं. नऊ वर्षं ते लुगडं तिथे होतं आणि आम्हां कोणाला ते दिसलं नाही.

पावसाळ्याचे महिने सोडले तर सकाळी आमच्याकडे वारा डोंगराकडून समुद्राकडे वाहतो. त्याला मतलई म्हणतात. तो माझ्या लुगड्यातून गाळून त्या झडपांत शिरायचा. उन्हाळ्यात दारावर वाळ्याचा पडदा भिजवून सोडतात, तसंच झालं ते. पेटीतली हवा गावच्या हवेपेक्षा गार, आणि त्या गार हवेचा आकडा महिन्याच्या महिन्याला वरच्या ऑफिसात.

दादाने मला इंग्रजी आकडे शिकवले ते महिन्याचा तक्ता सुवाच्य अक्षरात उतरवून काढायला. त्या कामाने मला जगवलं, हे कृतज्ञतेने सांगते. एका हिवाळ्यात दादा मला म्हणाला, "गोदू, एक गंमत बघ." महिन्यातले चार दिवस कोरड्या थर्मामीटरचा आकडा सव्वा-दीड अंशाने वर चढतो आणि पुन्हा खाली येतो. ओला जागचा हलत नाही, फक्त कोरडा चढतो. पुढच्या महिन्यात पुन्हा चार दिवस. अंतर सत्तावीस दिवसांचं, कधी एखादा दिवस इकडेतिकडे. दादाने पंचांग उघडलं आणि त्याला दिसलं की हे चार दिवस म्हणजे चंद्र भरणीपासून मृगापर्यंत असतो ते दिवस. त्याला झोप लागेना. भरती-ओहोटी चंद्रामुळे होते, मग हवेला का नाही होणार? चार महिने त्याने दुसरं काही केलं नाही. मग इंग्रजीत बारा पानांचा निबंध लिहिला आणि तक्त्यांची नक्कल करायला मला दिला.

मी ओसरीवर बसून ती नक्कल करत होते. एका रकान्यात तारखा, शेजारी तिथी. मार्गशीर्ष पौर्णिमा दिसली. म्हणजे दत्तजयंती. त्या दिवशी नैवेद्य वहिनीने केला होता. खाली रथसप्तमी दिसली. तो नैवेद्यही वहिनीनेच केला होता... बोरू खाली ठेवला. आकड्यांचा रकाना बोट लावून पाहिला. आकडा चढलेले एकूण एक दिवस माझे होते. त्या चार दिवसांत मी बाहेर बसलेली असायची, धुणं नाही, सोवळं नाही, तारेवर लुगडं नाही. वहिनीचं सोवळं म्हणजे रेशमी मुकटा, तो काही रोज धुवायचा नसतो. माझ्या भावाने चंद्राचा म्हणून जो नियम शोधला होता तो माझ्या अंगाचा होता. ते बारा पानांचं इंग्रजी साहेबलोक वाचणार होते, आणि ते कशाबद्दल आहे हे जगात मला एकटीला ठाऊक होतं.

मी तक्ता पुरा केला. अक्षर कधी नव्हे इतकं चांगलं काढलं. दादाने तो टपालात टाकला आणि मी काही बोलले नाही. ही माझी पहिली चूक. लाजेमुळे बोलले नाही असं मी तेव्हा स्वतःला सांगत होते. आता वाटतं, दादा इतका आनंदात मी कधी पाहिला नव्हता, हेही कारण असेल. ते काहीही असो, जो माणूस काचेला ऊब लागू नये म्हणून श्वास रोखायचा त्याच्या नावावर मी खोटं जाऊ दिलं.

महिन्याने उत्तर आलं. निबंध मनोरंजक वाटला, विचार चालू आहे, निरीक्षकाची चिकाटी प्रशंसनीय. दादाने ते पत्र शाळेत वाचून दाखवलं, देवळात वाचून दाखवलं. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा मी विहिरीवर होते. मला राहवलं नाही.

"दादा, ते चार दिवस चंद्राचे नाहीत."

"मग कोणाचे?"

"वहिनीला विचार."

तो माझ्याकडे बघत उभा राहिला. मग कुंपणाकडे पाहिलं. तारेवर वाळलेलं लुगडं होतं, मला काढायचं राहून गेलं होतं. तो कुंपणापर्यंत गेला, वितीने तार ते पेटी अंतर मोजलं, परत आला आणि म्हणाला, "उद्या सकाळी रोजच्यासारखंच वाळत घाल. काढू नकोस." रागावला असता तर बरं झालं असतं. त्याला राग आला नव्हता, त्याला काम दिसलं होतं.

पुढचं एक वर्ष आमच्या घरात जे चाललं त्याला गावाने वेड म्हटलं. दादाचं म्हणणं असं, की चूक झाली हे कळून उपयोग नाही. किती झाली ते कळलं पाहिजे, म्हणजे नऊ वर्षांचे आकडे वाचतील. त्याने निबंध मागे घेत असल्याचं पत्र ऑफिसला लगेच लिहिलं. मग रोज सकाळी साडेसहाला एक चिंचोका उडवायचा. फोडलेला चिंचोका, एक अंग पांढरं, एक काळं. पांढरं पडलं तर लुगडं घालायचं, काळं पडलं तर नाही. मी विचारलं, एक दिवसाआड घातलं तर चालणार नाही का? तो म्हणाला, "आपण ठरवलं की आपल्याला हवं तसं ठरवतो. चिंचोक्याला काही नको असतं." वहिनी म्हणायची, "सरकारचं काम चिंचोक्यांवर चाललंय, आता कवड्या आणा." पण साडेसहाला चिंचोका तीच आणून द्यायची.

आकडा वाचण्यातही चूक होते म्हणून तो आम्हां तिघांना एकामागून एक वाचायला लावायचा, एकमेकांना न सांगता. वहिनीला इंग्रजी आकडे येत नव्हते, तिने रेघा मोजून सांगायच्या. सहा महिन्यांनी दादाने हिशेब केला तर सगळ्यांत कमी चुकणारा डोळा वहिनीचा निघाला. "तांदूळ निवडणारा डोळा आहे," ती म्हणाली आणि आत गेली, पण दिवसभर खुशीत होती. लुगडं जाड की पातळ, पिळून घातलं की ठिबकतं, वारा आहे की नाही, सगळं लिहून ठेवायचं. वाऱ्याचं आमचे नारळ उतरवणाऱ्या गोमाला विचारायचं, कारण त्याला शेंड्यावरून कळायचं. "आज मतलई न्हाय, मास्तर, वारा पडलाय," असं गोमाने वरून सांगितलं की दादा खाली तसं नोंदवायचा. आणि खरंच, वारा नसेल त्या दिवशी लुगडं असूनही फरक जवळजवळ पडत नसे.

राहिली मागची नऊ वर्षं. कोणत्या दिवशी लुगडं होतं आणि कोणत्या दिवशी नव्हतं हे कसं कळणार? दादा मला विचारू शकत नव्हता. चार दिवस तो माझ्यासमोर येऊन काहीतरी दुसरंच बोलून जायचा. शेवटी वहिनीनेच माळ्यावरून जुनी पंचांगं काढून त्याच्यापुढे ठेवली. देवाचा स्वयंपाक कोणी करायचा हे ठरवायला ती माझ्या पहिल्या दिवसावर कोळशाची बारीक रेघ ओढून ठेवायची. नऊ वर्षांच्या रेघा. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होते. दादा पंचांगाची पानं उलटत होता, आणि जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं मला झालं होतं. तो मात्र एकेका रेघेसमोरचा आकडा उतरवून घेत होता, तोंडाने पुटपुटत. त्या वेळी मी त्याची बहीण नव्हते, पुरावा होते. त्याने तसं वागावं यात त्याचा मोठेपणा होता हे आता कळतं, तेव्हा मला रडू आलं.

उत्तर निघालं ते असं. पावसाळ्याचे महिने सोडून, सकाळचा कोरडा आकडा सरासरीने दीड अंश कमी. आणि या दीड अंशातही अर्धा अंश इकडे किंवा अर्धा तिकडे होऊ शकतो, कारण जुन्या एकेका सकाळी वारा किती होता आणि मी लुगडं किती पिळलं होतं हे आता परमेश्वरही सांगणार नाही. दादाला खरा अभिमान होता तो या अर्ध्या अंशाचा. तो म्हणायचा, "दीड अंश कोणीही काढील, गोदू. आपल्याला किती ठाऊक नाही तेही मोजून सांगता आलं पाहिजे."

मग अहवाल. त्यात दादाने, ज्याने आयुष्यात एक आकडा खोटा लिहिला नाही त्याने, एक वाक्य खोटं लिहिलं. "निरीक्षकाच्या निष्काळजीपणामुळे त्याचं स्वतःचं ओलं धोतर पेटीच्या जवळ वाळत घातलं जात असे, महिन्यातले काही दिवस ते घातलं जात नसे." पंचांगाचा उल्लेख नाही. माझा तर नाहीच. नक्कल मीच केली, म्हणजे ते वाक्यही माझ्याच अक्षरात गेलं.

ऑफिस काही मूर्खांचं नव्हतं. तिथल्या कोणीतरी अहवाल नीट वाचला आणि नेमक्या त्याच ठिकाणी बोट ठेवलं. महिन्यातले काही दिवस म्हणजे कोणते? नऊ वर्षांनंतर निरीक्षकाला ते कशावरून आठवतात? लेखी पुरावा काय? आणि आणखी एक, ज्या दुरुस्तीबद्दल स्वतः निरीक्षकालाच अर्ध्या अंशाची खात्री नाही ती स्वीकारायची कशी? दादाने पत्र मला मराठीत करून सांगितलं. शेवटच्या प्रश्नाला तो हसला. "चूक आहे हेच ज्याला ठाऊक नाही त्याचं छापायचं, आणि कितपत चूक असेल हे जो सांगतो त्याचं फेकून द्यायचं," तो म्हणाला. पण पहिल्या प्रश्नाला तो हसला नाही. पत्र घडी करून त्याने मांडीवर ठेवलं.

"उत्तर द्यायचं तर पंचांगं पाठवावी लागतील," तो म्हणाला. "रेघा कसल्या ते लिहावं लागेल. तिथे आठ-दहा कारकून आहेत, दोघे आपल्या भागातले आहेत."

मी तांदूळ निवडत होते.

"तू म्हणशील तसं," तो म्हणाला.

मी निवडत राहिले. सूप अर्धं झालं होतं, ते पुरं केलं. तो उठला आणि पंचांगं उचलून माळ्यावर ठेवून आला. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ त्याने बरोबर लावला होता. मला कोणी असं सांगू नये की त्या काळात, त्या परिस्थितीत, एका विधवेने दुसरं काय करायचं. मला एक शब्द बोलायचा होता. "पाठव." तो मी बोलले नाही. केस राखून घेताना भावाने गाव अंगावर घेतलं ते मला चाललं, आणि त्याच्या नऊ वर्षांसाठी आठ-दहा कारकुनांची कुजबूज मला पेलवली नाही.

त्याने उत्तर पाठवलं की पुरावा देणं शक्य नाही. महिनाभरात निकाल आला. दुरुस्ती अमान्य. पूर्वीचे आकडे आहेत तसेच कायम. निरीक्षकाने निष्काळजीपणा कबूल केलेला असल्यामुळे त्याला कामावरून कमी करण्यात येत आहे, आणि ठाणं हलवण्यात येत आहे. म्हणजे आकडे विश्वासाचे, ते घेणारा माणूस तेवढा अविश्वासाचा. दोन माणसं येऊन पेटी बैलगाडीत घालून घेऊन गेली. तारही गुंडाळून नेली. गोमा म्हणाला, "मास्तर, जागा मोकळी हाय, दोन माड लावू की हितं." दादा म्हणाला, लाव. ते माड आता माझ्या खांद्याएवढे झालेत.

आणखी एक गंमत सांगायची राहिली. त्यानंतर वर्षभराने ऑफिसच्या छापील पत्रिकेचा एक अंक दादाच्या नावाने आला. त्यात त्याचा चंद्रावरचा निबंध काटछाट करून छापला होता. मागे घेतल्याचं पत्र कोणत्या टेबलावर मेलं कोण जाणे. ज्याला काढून टाकलं त्याच माणसाचं नाव, खाली गावाचं नाव, सुबक इंग्रजी टाइपात. गावातल्या वकिलाने तो अंक मागून घेतला आणि दादाचं अभिनंदन करायला घरी आला. दादाने त्याला पाणी दिलं, आणि हे सगळं चूक आहे म्हणून सांगायला लागला. वकील म्हणाला, "मास्तर, विनय पुरे झाला." त्या दिवशी मी दादाला पहिल्यांदा म्हातारा झालेला पाहिला. मग वार्षिक पुस्तक आलं. आमच्या गावच्या पानावर नऊ वर्षांचे आकडे, दशांशापर्यंत, खाली टीप नाही, चांदणी नाही. दादा ते पान उघडायचा आणि मिटायचा. तक्रार कधी केली नाही. मला तर नाहीच. कधी तरी त्याने म्हणायला हवं होतं, गोदू, तू बोलली असतीस तर. त्याने म्हटलं नाही, आणि त्याबद्दल मी त्याच्यावर अजून रागावलेली आहे. मला वाचवलं असं त्याला वाटत होतं. अहवालातून त्याने मला काढलं आणि मग मी स्वतःला कुठे ठेवायचं, हे त्याने सांगितलं नाही.

तेराव्याला काका म्हणाले ते अर्धं खरं आहे. त्याने हाय खाल्ली. पण नोकरी गेली म्हणून नव्हे. दूर कुठे तरी, पुढे कधी तरी, कोणी अभ्यासू माणूस ते पान उघडील, त्याच्या आकड्यांवर विश्वास ठेवील आणि फसेल, याची त्याला लाज वाटत होती. न पाहिलेल्या माणसाची एवढी लाज मी दुसऱ्या कोणात पाहिली नाही.

वहिनीला हा लेख वाचून दाखवला. ती म्हणाली, "वन्सं, हे छापून आल्यावर लोक तोंडावर थुंकतील." मी म्हटलं, थुंकू देत. ती म्हणाली, "मग वाऱ्याचंही घाला. वारा नसेल तेव्हा फरक नव्हता. त्यांना ते फार महत्त्वाचं वाटायचं."

तेव्हा संपादकांच्या परवानगीने, आणि त्यांनी दिली नाही तर परवानगीशिवाय लिहिते. ज्या कोणाजवळ ती छापील पुस्तकं असतील त्यांनी आमच्या गावचं पान काढावं. सकाळच्या कोरड्या थर्मामीटरच्या आकड्यांत, पावसाळ्याचे महिने सोडून, दीड अंश मिळवावा. अर्धा अंश कमीजास्त. वारा पडलेल्या दिवशी काही मिळवू नये. निष्काळजीपणा निरीक्षकाचा नव्हता आणि धोतरही त्याचं नव्हतं. लुगडं माझं, त्याची बहीण गोदावरी हिचं. लेखी पुरावा म्हणून नऊ पंचांगं माझ्यापाशी आहेत, कोणालाही दाखवीन. त्यांत दर महिन्याला कोळशाची एक रेघ आहे. त्या रेघेपासूनचे चार दिवस मी बाहेर बसलेली होते. तेवढ्या दिवसांच्या आकड्यांना हात लावू नये, ते बरोबर आहेत.